अमावास्येचा ऑर्केस्ट्रा

"बाई, ओ बाई! काल राती झोप लागली का तुम्हाला?"

सकाळचे साडेसहा. मी सडा टाकत होते आणि वईपलीकडून काकींचं डोकं वर आलं, हातात सूप. आमच्या दोन घरांमधली वई म्हणजे थोडी मेंदी, थोड्या करवंदीच्या काटक्या आणि जिथं काहीच टिकलं नाही तिथं जुन्या साडीचा काठ. काकींचा शेवगा माझ्या अंगणात वाकलाय. शेंगा कुणाच्या, हा वाद अजून मिटायचाय, पण गप्पांना सावली त्याचीच.

"का हो काकी, काय झालं?"

"काय झालं काय! काल अमावास्या. आन् माळावरच्या त्या फार्महौसात पोरं रातभर जागी. दिवे समदे बंद. हातात लाल बॅटऱ्या. मधोमध तोफेसारखी नळी उभी केलेली. मी सांगते, गुप्तधन काढत्यात. दुसरं काय असनार?"

किन्हवली-सरळगाव रस्त्याच्या आमच्या या पट्ट्यात अमावास्येला माळावर कुणी दिसलं की पहिला संशय गुप्तधनाचा, दुसरा भानामतीचा. म्हटलं, "काकी, ती दुर्बीण होती. मुंबईची पोरं तारे बघायला आली होती. चंद्र नसला की तारे चांगले दिसतात, म्हणून अमावास्या. आणि पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात, म्हणून लाल बॅटरी."

"तारे मुंबईला नायत?"

"आहेत, पण दिव्यांपुढं दिसत नाहीत. आपल्याकडंसुद्धा बघा ना, रात्री कल्याण-भिवंडीच्या अंगाला आभाळ कसं पिवळट दिसतं."

काकींनी सूप वईवर टेकवलं. हे लक्षण मी ओळखते. आता मुद्दा निघणार.

"म्हंजे भातसाचं पानी मुंबईला. तानशाचं मुंबईला, वैतरणेचं मुंबईला. धरनं शहापुरात आन् एप्रिल-मे आला की टँकरची वाट बघतो आपन. आन् आता आभाळबी आपल्याचकडचं बघायचं?"

यावर माझ्यासारख्या निवृत्त मास्तरणीकडंही उत्तर नव्हतं.

"बरं, बघा म्हनावं आभाळ," काकी जरा नरमल्या. "पन ते वाजवीत काय व्हते? धाड धाड, धाड धाड! माझी गाय उठून उभी राहिली."

खरं सांगायचं तर रात्री दहाच्या सुमारास मीही शाल गुंडाळून तिकडं गेले होते. भात झोडून झालंय, खाचरांत वाल उगवून आलाय, पायवाट मोकळी. पोरांनी अदबीनं खुर्ची दिली, दुर्बिणीतून गुरू दाखवला. त्याच्या बाजूला एका रेषेत चार टिंबं, हे त्याचे चंद्र. आणि शेजारी डबड्याएवढा स्पीकर वाजत होता.

"तो ऑर्केस्ट्रा होता, काकी."

"जत्रंतला? म्हसाला येतो तसा? मग बाई नाचताना दिसली नाय ती."

इथं दोष काकींचा नाही. आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे स्टेज, कीबोर्ड, एक किशोरकुमार, एक लता आणि मध्ये निवेदकाचे विनोद. मी म्हटलं, "तसला नव्हे. हा वाद्यवृंद. शंभराच्या आसपास माणसं, प्रत्येकाचं वाद्य वेगळं आणि समोर एकजण नुसता काडी हलवतो."

"आन् त्याला पैसे?"

"सगळ्यांत जास्त. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता तेच करतात. काल जे वाजत होतं ना, ते त्यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं होतं. 1971 सालची तबकडी आहे. मूळ रचणारा मात्र इंग्रज, गुस्ताव होल्स्ट. लंडनला मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचा."

"मास्तर व्हय! मग तुमच्यातलाच."

"माझ्यातला कसला, तुमच्यातला. मित्रमंडळींच्या पत्रिका मांडायचा. त्या नादातूनच त्यानं 1914 ते 1917 या काळात ग्रहांवर संगीत लिहिलं. मंगळ, शुक्र, बुध, गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून, प्रत्येकाचा तुकडा वेगळा. पृथ्वी नाही."

"पृथ्वी कुठं पत्रिकेत असते?" काकी म्हणाल्या. मी सदतीस वर्षं शिकवलं, पण एवढं साधं कारण मला सुचलं नव्हतं.

"आन् शनी? साडेसाती?"

"शनीला त्यानं म्हातारपण आणणारा म्हटलंय. सावकाश पावलं टाकत येतो. आणि सातांतला त्याचा आवडता तुकडा तोच."

"बरोबर हाय. शनी मारीत नाय, शिकवतो." काकींच्या नातवाची साडेसाती चालू आहे, म्हणून विषय तिथंच आवरता घेतला.

"तुमची गाय उठली ती मंगळाला," मी म्हटलं. "मंगळ म्हणजे लढाई. पाच मात्रांचा ठेका आहे. सूप इकडं द्या."

सूप उलटं धरलं आणि बोटांनी वाजवून दाखवलं : तकिट, धा, धा, तक, धा. तकिट, धा, धा, तक, धा. काकी भजनी मंडळातल्या. त्यांचा हात आठ मात्रांना सरावलेला, त्यामुळं दर खेपेला त्या पुढल्या मात्रांसाठी थांबायच्या आणि ठेका त्यांना टाकून पुन्हा सुरू व्हायचा. चौथ्या खेपेला वैतागल्या. "हे लंगडतंय, बाई. पाय टेकायला जागाच देत नाय."

"तीच तर गंमत. लढाईत कोण पाय टेकू देतो? आणि सुरुवातीला व्हायोलिनवाले तारांवर गज फिरवत नाहीत, गजाचं लाकूड आपटतात. टकटक तीच."

काकींनी सूप परत घेतलं आणि दोनदा स्वतःच वाजवून बघितलं. दुसऱ्यांदा जमलं.

"पहिल्यांदा वाजवलं ते 1918 च्या सप्टेंबरात, लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये. महायुद्ध संपायला आलं होतं. त्या वेळी बाहेरच्या बोळात झाडलोट करणाऱ्या बाया फरशी घासत होत्या. आत गुरूचा तुकडा सुरू झाला, तसे त्यांनी ब्रश खाली ठेवले आणि नाचायला लागल्या. होल्स्टच्या मुलीनं लिहून ठेवलंय."

"नाचनारच! फरशी काय, उद्याबी हाय." काकी खूश झाल्या. मोठ्यामोठ्यांनी नंतर त्या संगीतावर पानंच्या पानं लिहिली असतील, पण काकींच्या लेखी निकाल त्या बायांनी तेव्हाच दिला होता.

"आणखी एक सांगू? तो संस्कृत शिकला होता. ऋग्वेदातल्या ऋचांना चाली लावल्या, मेघदूतावर रचना केली. आणि सावित्रीवर एक छोटी संगीतिका लिहिली. सावित्री, सत्यवान आणि यम, पात्रं तीनच. अर्ध्या तासात खेळ खलास."

"अर्ध्या तासात सत्यवान परत? आमचा वड फिरायलाच तासभर जातो." मग आवाज खाली आणून, "त्याच्या बायकोनं दोरा बांधला व्हता का?"

"ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, काकी."

"मग काय लिवलं!"

एवढ्यात दूधवाला येऊन गेला. तोवर काकींच्या डोक्यात दुसरं चक्र फिरलं होतं. "म्हंजे ह्यो मानूस हितं जमिनीवर बसून वर बघून वाजवनार. वर कुनी नेलं का गानं? खरं खरं वर?"

मी याच प्रश्नाची वाट बघत होते. "नेलं. आणि तेही आपल्या बाईचं."

अमेरिकेनं 1977 साली दोन यानं सोडली, व्हॉयेजर. दोन्हींवर एकेक तबकडी लावली. तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या गटानं जगभरातून सत्तावीस तुकडे निवडले. त्यात बाख आहे, बेथोव्हेनची पाचवी सिंफनी आहे, स्ट्राविन्स्की आहे, म्हणजे मोठमोठे वाद्यवृंद आहेत. आणि हिंदुस्थानचा तुकडा एकच : केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं.

"कुठल्या या?"

"गोव्याच्या. फोंड्याजवळच्या केरी गावच्या. अल्लादिया खाँसाहेबांकडं वर्षानुवर्षं शिकल्या. 1892 चा जन्म. 5 सप्टेंबर 1977 ला व्हॉयेजर-1 सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. अकरा दिवसांचं अंतर."

काकी काही बोलल्या नाहीत. सुपातला एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला.

"आता कुठवर गेलं असंल?"

"2400 कोटी किलोमीटरच्या पुढं. सेकंदाला सतरा किलोमीटर. म्हणजे आपली लोकल कसाऱ्याहून सीएसएमटीला जाते ना, तेवढं अंतर सात सेकंदांत."

"आन् आसनगावला थांबत नाय?"

"कुठंच थांबत नाही."

"मग जलद हाय." त्यांनी मान डोलवली. "पन वर आयकनार कोन? आवाज पोचतो का?"

"तबकडी नुसती चालली आहे, वाजत नाही. तिथं हवाच नाही, आवाज जाणार कशातून? सोबत सुई दिलीय आणि कशी वाजवायची ते वरच्या झाकणावर चित्रांनी कोरलंय. कुणाला सापडली तर त्यानं वाजवायची. शिवाय पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत. मराठीही आहे."

"मराठीत काय सांगितलंय?"

"नमस्कार आणि पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा."

"एवढंच?" काकी नाराज. "कुनी जेवायचं नाय विचारलं?"

"विचारलंय. चीनच्या आमोय बोलीत एका बाईनं विचारलंय, जेवलात का, सवड झाली की या आमच्याकडं."

"ही बाय मानसातली," काकी म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या.

त्याच संध्याकाळी आठला लाइट गेली. वाडीभर काळोख, वर मात्र आभाळ गच्च भरलेलं. वईपाशी खाकरल्याचा आवाज आला. "बाई, त्या सातांतला शेवटचा कुठला म्हनलात?"

"नेपच्यून."

"लावा की."

मोबाइल शेवग्याच्या बेचक्यात ठेवला. नेपच्यूनमध्ये गडबड अजिबात नाही. सगळं दबक्या सुरात, कुठून येतंय कळत नाही असं. शेवटी शेवटी नुसता बायकांचा आवाज, शब्दांशिवाय. या बायका स्टेजवर बसत नाहीत. शेजारच्या खोलीत उभ्या राहून गातात आणि त्या खोलीचं दार हळूहळू लावत आणायचं, अशी होल्स्टची सूचना आहे. आवाज बारीक होत होत कधी थांबला ते कळू नये.

आम्ही ऐकत होतो. आवाज बारीक झाला, मग रातकिडे आणि तो यांतला फरक कळेना. काकींनी मोबाइलकडं वाकून बघितलं. पडदा कधीच विझला होता.

"संपलं?"

"संपलं."

"मला वाटतंय अजून चाललंय." वर बघत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खालच्या पाड्यावर कुणाच्या तरी हळदीचा बेंजो सुरू झाला. जनरेटरवर असणार. काकी भानावर आल्या.

"बाई, पुढल्या अमावास्येला ती पोरं आली की त्यांना माझा निरोप सांगा. तुमच्या मुंबईत तसला ऑर्केस्ट्रा हाय का?"

"आहे. नरिमन पॉइंटला, एनसीपीएमध्ये. 2006 पासून."

"मग येताना तो घेऊन या म्हनावं. पानी फुकट नेलंत, आभाळ फुकट नाय. शंभर मानसं म्हनता ना? बसायला माझं खळं हाय. स्टेज-बिज नको. जेवनाचं मात्र ज्याचं त्यानं बघावं, शंभर जनांचं मी कुठून करू?"

दोन पावलं गेल्या आणि अंधारातून परत आवाज आला.

"बरं, वाल हायत घरात. उसळ टाकीन. तुमच्या अंगनातल्या शेंगा घालू त्यात, माझ्याच हायत त्या."