अतिशयोक्ती फार!

नेटफ्लिक्सवर जून २०१९ मध्ये ‘लैला’ ही मालिका आली. प्रयाग अकबर यांच्या कादंबरीवरची, हुमा कुरेशीची. भविष्यातला आर्यावर्त नावाचा देश, जमातीजमातींच्या वस्त्यांभोवती उंच भिंती आणि पाणी फक्त ऐपतदारांना. देशभर भांडण जुंपलं ते धर्माच्या बदनामीवरून. पाण्यापायी कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या रसिकांनी मात्र एका वाक्यात निकाल लावला, ‘अतिशयोक्ती फार!’ बरोबरच आहे. आपल्याकडे कुठं आल्या भिंती? आपल्याकडे गेट असतं. धुणंभांडीवाल्या मावशींची ये-जा ॲपवर नोंदली जाते, त्यांची लिफ्ट वेगळी असते आणि फ्लॅट भाड्यानं द्यायचा की नाही, हे आडनाव ऐकून ठरतं.

पाण्याचं तर नावच काढू नका. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडं पडलं, तेव्हा टँकरनं भरून घेतलं आणि पुण्य खंडित होऊ दिलं नाही. ‘लैला’ आली त्या उन्हाळ्यात येवला-नांदगावकडे बायाबापड्या टँकरमागे हंडे घेऊन धावत होत्या. ‘पाण्यावरून इतकं कोण करतं हो?’ असं आमच्या सोसायटीतल्या काकांनी विचारलं, तेव्हा त्यांच्या हातात गाडी धुण्याचा पाइप होता आणि तो चालू होता.

मालिकेचा दुसरा सीझन काही आला नाही. काकांच्या मते विषयच संपला होता. असेलही. पुढचे भाग आता महापालिकेच्या पाणीकपातीच्या वेळापत्रकात येतात आणि त्याला वर्गणीही वेगळी पडत नाही.