घरचं हमस, उभ्याचं नाटक

लंडनमध्ये हमस मिळत नाही असं किराणा दुकान शोधायचं, तर पुरातत्त्व खात्याची मदत घ्यावी लागेल. कोपऱ्यावरच्या छोट्याशा दुकानातही दुधाशेजारी हमसचे डबे रचलेले असतात. तरीही आमच्या भाचीने जाहीर केलं की नाटकाआधी थेम्सकाठी बसून जे हमस खायचं, ते घरीच होईल. "मामा, विकतच्यात जीव नसतो हो," ती म्हणाली. जावईबापू काही बोलले नाहीत. संसार सुखाचा आहे हे मी तेव्हाच ओळखलं.

हमस म्हणजे काबुली चण्यांचं वाटण, आणि कृती म्हणाल तर सोपी. काबुली चणे आदल्या रात्री भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी खायचा सोडा टाकून ते दोन बोटांत धरताच लगदा होतील इतके शिजवायचे. सोड्याने सालं सैल होतात. मग चणे पाण्यात चोळायचे आणि वर तरंगणारी सालं गोळा करायची. ही शेवटची पायरी पाककृतीच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत उरकलेली असते, कारण लिहिणाऱ्याच्या घरी ती पाहुण्याकडे दिलेली असते. आमच्याकडे पाहुणा मी होतो. ब्रिटिश म्युझियम बघायला म्हणून आलेला मी सकाळभर सिंकपाशी उभा राहून चण्यांना विवस्त्र करत होतो. "मामा, एकही साल राहता कामा नये, खरखरीत लागतं," भाची अधूनमधून येऊन सांगून जायची.

या चण्यांत मिसळायची ती ताहिनी, म्हणजे तिळाचं गुळगुळीत वाटण. तिच्यात लिंबू पिळलं की ती आधी रुसते आणि घट्ट होऊन बसते. मग बर्फाचं पाणी चमच्याचमच्याने घालत घोटत राहायचं, की एकदम पांढरीशुभ्र आणि हलकी होते. लसूण ठेचून लिंबाच्या रसात थोडा वेळ ठेवायचा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो, असंही भाचीने समजावलं. उग्रपणा जातो म्हटल्यावर आमच्या हिचा चेहरा उतरला. "मग लसूण घालायचा तरी कशाला?" भाचीचा फोन आला आणि ती बाहेर गेली, तेवढ्यात हिने अख्खा गड्डा ठेचून मिक्सरमध्ये लोटला. "दिसतंय पिठल्यासारखं, निदान लागायला तरी काही हवं की नको?"

जावयांना इतिहासाचा नाद. हमस कुणाचं, यावरून लेबनॉन आणि इस्रायलमध्ये कशी जुंपली होती ते त्यांनी सांगितलं. जानेवारी 2010 मध्ये इस्रायलमधल्या अबू घोश या अरब गावाने एका भल्यामोठ्या सॅटेलाइट डिशमध्ये चार टनांहून जास्त हमस करून जागतिक विक्रम केला. त्याच वर्षी मे महिन्यात लेबनॉनच्या आचाऱ्यांनी 10,452 किलो हमस घोटून तो मोडला. आकडाही हिशेबाने निवडलेला. लेबनॉनचं क्षेत्रफळच तितके चौरस किलोमीटर आहे. ऐकणारे सगळे थक्क झाले. मला एवढंच विचारायचं होतं, की सालं कुणी काढली?

तयार झालेलं हमस जावयांनी बोटाने चाखून पाहिलं. डोळे मिटले. बराच वेळ ते मिटलेलेच राहिले. मग "दूध संपलंय" असं म्हणून ते दुकानात गेले. फ्रिजमध्ये दूध होतं.

संध्याकाळी सेंट पॉल्स कॅथीड्रलपासून आम्ही मिलेनियम ब्रिजवर आलो. हा पादचारी पूल 2000 साली उघडला आणि माणसं चालू लागताच इतका हलायला लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला. दुरुस्त होऊन पुन्हा सुरू व्हायला 2002 साल उजाडलं. ही माहिती जावयांनी पुलाच्या बरोबर मध्यावर दिली. हिने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने मला धरलं आणि डबे माझ्याकडे सोपवले.

पूल ओलांडून थेम्सकाठी बसलो. डबे दोन होते. अगदी सारखे, निळ्या झाकणाचे. दोन्हींत हमस, दोन्हींवर ऑलिव्ह तेल आणि तिखटाची चिमूट. "मामा, एकातलं दुकानातलं आहे. कोणतं ते आता मलाही सांगता येत नाही," जावई माझ्या कानात म्हणाले. तेवढ्यात भाचीने एक डबा उघडून पोळीचा तुकडा बुडवला. "बघा! विकतच्याला ही चव येईल?" जावयांनी नदीकडे पाहिलं. मीही पाहिलं. नदी मचूळ होती, पण त्या क्षणी फार प्रेक्षणीय वाटली. ही मात्र दुसऱ्या डब्यातलं मन लावून खात होती.

नाटक होतं शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरमध्ये. 1599 साली बांधलेलं मूळ ग्लोब 1613 मध्ये जळालं. 'आठवा हेन्री'च्या प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवती छपरावर पडली आणि तासाभरात थिएटरची राख झाली. जीवितहानी नाही. एका माणसाच्या विजारीने पेट घेतला, तो बाटलीतली बिअर ओतून विझवला. 1997 साली उघडलेल्या नव्या ग्लोबवरही गवताचंच छप्पर आहे. मधलं अंगण उघडं, तिथलं तिकीट सर्वांत स्वस्त, आणि ते फक्त उभं राहण्याचं. तिथे बसायचं नाही, पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. शेक्सपिअरच्या काळी या जागेला एक पेनी पडायची. "एवढ्या पैशात आपल्याकडे खुर्ची देतात," ही म्हणाली.

त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे नाटक 'कॉमेडी ऑफ एरर्स', शेक्सपिअरचं सर्वांत छोटं. दोन गावांचं व्यापारावरून वैर, आणि त्यांत हरवलेल्या जुळ्यांच्या दोन जोड्या. प्लॉटसच्या ज्या रोमन नाटकावरून हे घेतलं, त्यात जुळ्यांची मुख्य जोडी एकच होती. शेक्सपिअर स्वतः जुळ्यांचा बाप. त्याने नोकरांचीही एक जोडी घालून गोंधळ दुप्पट केला. 1982 साली गुलजारांनी याच कथेवर 'अंगूर' काढला आणि हिला तो तोंडपाठ आहे. शेजारच्या रेनकोटवाल्या आजीबाईंना ती हलक्या आवाजात समजावत होती, "धिस वन संजीव कुमार. दॅट वन ऑल्सो संजीव कुमार." चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीने बावरलेल्या आजीबाई त्यानंतर योग्य जागी हसू लागल्या.

हळूहळू माझ्या एक लक्षात आलं. अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती, पण हिच्याभोवती ऐसपैस वर्तुळ तयार झालं होतं. आजीबाईही कथा कळताच दोन पावलं सरकल्या. थोड्या वेळाने ही थेट रंगमंचाच्या कडेवर कोपरं टेकून उभी होती. अंगणातली सर्वांत मानाची जागा तीच. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधला बॉटम आपल्या नटमंडळींना कांदा-लसूण खाऊ नका म्हणून बजावतो. प्रेक्षकांना मात्र शेक्सपिअरने कुठेही मनाई केलेली नाही.

शेवटी दोन्ही जोड्या एकमेकांसमोर आल्या, सगळा उलगडा झाला, टाळ्या पडल्या. नाटकाचा परिणाम म्हणा, बाहेर पडताना जावई बायकोला म्हणाले, "अगं, तू खाल्लंस ते..."

"दुकानातलं होतं. झाकण उघडताच कळलं," भाची म्हणाली. "दुसऱ्याचा वास तर पुलावरच आला होता. मामींच्या देखत काय सांगणार?"

मामींनी सगळं ऐकलं होतं. "तुमचं काय ते घरी जाऊन मिटवा," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या नाटकाची तिकिटं काढाल ती उभ्याचीच काढा. जागेची काळजी माझ्यावर सोडा."