अंजीरबाई

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी मंडळीत रविवारी सकाळी जरा लवकर जा. चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे एरवी लग्नाच्या खुर्च्या आणि नाताळचा गोठा ठेवलेला असतो, तिथे संडे स्कूल भरलेलं असतं आणि समोर अंजीरबाई उभ्या असतात. नाव निराळं असेल, साडीचा रंग निराळा असेल, आशा तीच.

हे नाव मुलांनी ठेवलेलं. लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, मिळत नाही, म्हणून झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. बाईंच्या मते सगळं शिक्षणशास्त्र इथे संपलं, बी.एड.ला उगाच वेळ घालवतात. पुढच्या वर्षी त्या झाडाला फळ धरलं की नाही, हे दाखल्यात सांगितलेलं नाही. बाई ते धरलं असं समजून चालतात.

वर्गात दर रविवारी एक वचन पाठ करून यायचं असतं. एका पोराला काहीच पाठ होईना, तेव्हा बाईंनी त्याला योहान 11:35 दिलं. बायबलमधलं आखूडात आखूड म्हणून प्रसिद्ध असलेलं हे वचन मराठीत दोन शब्दांचं आहे. पोरगं पुढच्या रविवारी उभं राहिलं, पहिला शब्द म्हणालं आणि छताकडे बघू लागलं. वर्ग फिदीफिदी हसला. बाईंचा चेहरा मात्र उजळला. “पन्नास टक्के आलं की रे! सरकार पस्तीसला पास करतं. आणि आलंय ते प्रभूचं नाव. नुसतं क्रियापद राहिलंय, ते येईल सावकाश.”

पालक तक्रार घेऊन आले तर बाईंकडे दाखले तयार असतात. “चार वर्षं झाली बाई, अजून दहा आज्ञा सलग येत नाहीत.” “अहो, विल्यम कॅरीसाहेब 1793 साली बंगालात उतरले. पहिला माणूस बाप्तिस्म्याला उभा राहिला 1800 च्या डिसेंबरात. सात वर्षं! आपली अजून तीन शिल्लक आहेत.” मुलगी वर्गाला यायला रडते म्हटलं की सिंथिया फॅरारबाई निघतात. त्या 1827 साली अमेरिकेहून मुंबईला आल्या, मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 साली वारल्या. “मध्ये तब्येतीसाठी मायदेशी गेल्या, पण परत आल्याच ना? मग तुमची दोन गल्ल्यांवरून यायला काय रडते?”

वर्गात कुणी पेंगलं तरी बाई रागवत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांत युतुख नावाचा तरुण आहे. पौलाचं प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तो खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळलं, पोरगा जिवंत राहिला आणि पौलाने पुढे पहाटेपर्यंत भाषण चालू ठेवलं. “पौलासमोर झोपतात, तर माझ्यासमोर झोपतील त्यात नवल काय?” बाई म्हणतात. “शिवाय आपला वर्ग तळमजल्यावर आहे.”

हे सगळं ऐकून बाई भाबड्या वाटतात, पण माळ्याच्या वचनातला खणण्याचा भाग त्या विसरलेल्या नाहीत. संध्याकाळी त्या पोरांच्या घरी जाऊन बसतात. त्या दोन शब्दांवाल्याच्या घरी गेल्या, तर हा आजीबरोबर रेव्हरंड टिळकांची पदं पहिल्यापासून शेवटपर्यंत गात होता. वाचता येत नव्हतं, कान मात्र तयार होता. बाईंनी दुसऱ्याच दिवशी दहा आज्ञांना चाल लावली. महिन्याभरात त्याच्या दहाच्या दहा आज्ञा पाठ झाल्या आणि शेजाऱ्यांच्याही.

पुढे तोंडी परीक्षा झाली. पाळकसाहेब म्हणाले, “चौथी आज्ञा म्हण बाळ.” बाळ गप्प. बाईंनी हळूच पायाने ताल धरला. बाळाने पहिलीपासून सुरुवात केली आणि चौथीवर न थांबता थेट दहावीपर्यंत गेला. साहेबांनी तीनदा “पुरे” म्हटलं, पण पोराला मध्येच थांबता येत नव्हतं. बाईंनी निकालाच्या कागदावर शेरा लिहिला : “विचारलेल्यापेक्षा जास्त येतं.”

पंचमंडळी दर मार्चमध्ये कुरकुर करतात की या वर्गातून वरच्या वर्गात जायला पोरांना फार वेळ लागतो. लागतो खरा. पण वरच्या वर्गात गेल्यावर यायचं बंद करणारी हुशार मुलंच जास्त निघतात आणि बाईंची रखडलेली पोरं पुढे गायनमंडळात ढोलकी, पेटी सांभाळत वर्षानुवर्षं टिकतात, हेही पंचांना माहीत आहे. म्हणून कुरकुर करून झाली की ते बाईंनाच पुढच्या वर्षासाठी नेमतात.

तुमच्या मंडळीत अशा बाई असतील तर त्यांना वर्गाची प्रगती विचारू नका. एकेका पोराची कहाणी ऐकता ऐकता तुमची उपासना चुकेल. त्यापेक्षा त्या खोलीला एक नवा पंखा द्या. जुना कधीचा बंद आहे, आणि तो आपणहून फिरायला लागेल अशी आशा फक्त बाईंनाच आहे.