निवडून आलात? आता चाला

अभिनंदन! गुलाल धुऊन झाला असेल, तर माथेरानच्या नव्या नगरसेवकाने पुढील सूचना शांतपणे वाचाव्यात.

आपली गिरिस्थान नगरपरिषद १९०५ सालची. आदमजी पीरभॉय यांची नेरळहून वर येणारी छोटी गाडी सुरू झाली १९०७ साली. म्हणजे कारभार आधी वर पोचला आणि त्याला आणायला गाडी दोन वर्षांनी आली. हा क्रम मनात ठेवावा. इथे ठराव आधी होतो, साधन मागाहून सवडीने येते. २०११च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४,३९३ होती. एवढी माणसे खाली एखाद्या गृहसंकुलात राहतात आणि त्यांना एक चिडका सचिव पुरतो. आपल्याला नगराध्यक्ष, विषय समित्या, मुख्याधिकारी आणि लेखापाल असे सगळे लागते.

पहिली सूचना गाडीची. इतर गावांत नगराध्यक्ष म्हटला की पांढरी गाडी आणि पुढे बसलेला एक अनावश्यक माणूस. तुमची गाडी दस्तुरी नाक्यावर थांबणार. तिथून बाजारापर्यंत अडीच किलोमीटर पायी चालायचे. नळाला पाणी नसलेला, घरासमोरचा दिवा गेलेला आणि मुलाला चिकटवून घ्या म्हणणारा, असे तिघेही याच वाटेवर भेटतात, आणि वर करायला तुमच्याकडे काच नसते. जून ते सप्टेंबर छत्री जरा पुढे कलती धरावी, निम्मे मतदार चुकतात. उन्हाळ्यात फोन कानाला लावून चालावे. तो मध्येच वाजू नये, एवढी काळजी घ्यावी.

सभेचे तंत्र सोपे आहे. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम करायचे असते. ते वाचायचे नसते, फक्त कायम करायचे असते. ठरावाला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. नवख्याने पहिले वर्ष अनुमोदकच व्हावे. नाव इतिवृत्तात येते आणि जबाबदारी सूचकावर राहते. खरे काम विषयपत्रिकेच्या शेवटी, ‘आयत्या वेळच्या विषयां’त असते, म्हणून चहा आला तरी उठू नये. गणपूर्ती नसल्यास घाबरू नये. सभा तहकूब करावी, कारण तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. ठराव फारच धाडसी झाला, तर १९६५च्या अधिनियमातले कलम ३०८ वापरून जिल्हाधिकारी तो थांबवू शकतात. तसे झाले तर दुःख करू नये. काम झाले नाही, पण आपण ते करणार होतो, याचा अलिबागहून आलेला शिक्क्याचा पुरावा हाती पडतो.

तक्रार ऐकताना अखत्यारीचा तक्ता तोंडपाठ हवा. झाड पडले, तर वन विभाग. पाणी नाही, तर जीवन प्राधिकरण. वीज गेली, तर महावितरण. छोटी गाडी बंद असेल, तर मध्य रेल्वे. प्लॉटचा भाडेपट्टा, तर महसूलचे अधीक्षक. माकडाने पर्स पळवली, तर पुन्हा वन विभाग. एवढी वाटणी झाल्यावर नगरपरिषदेच्या ताटात जे उरते, त्यावर आपला हक्क निर्विवाद असतो. माकडे वन विभागाची असली तरी लीद आपली आहे. ती रोज सकाळी उचलावी लागते आणि ती उचलण्याविरुद्ध अजून कोणी न्यायालयात गेलेले नाही.

रस्त्याचे तसे नाही. नवा सदस्य इथेच घसरतो, म्हणून हा भाग दोनदा वाचावा. लाल मातीचा रस्ता पावसात वाहून जातो आणि उन्हाळ्यात उडून फुफ्फुसात जातो. ब्लॉक बसवावेत, तर घोडेवाले म्हणतात टाप घसरते. न बसवावेत, तर ई-रिक्षा चालत नाही. शिवाय ४ फेब्रुवारी २००३ पासून हा सगळा डोंगर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. त्यामुळे खाली एखाद्या वॉर्डात कंत्राटदार आणि त्याचा मेहुणा मिळून जो प्रश्न दुपारी सोडवतात, तो आपल्याकडून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये देशाच्या सरन्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितले, की दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक बसवा, आतल्या रस्त्यांवर नको, आणि खाली काँक्रीटचा थर घालू नका. दुसऱ्या कोणत्या नगरसेवकाच्या गल्लीतल्या फरशीवर इतक्या उंचीवरून विचार झाला असेल?

त्याच निकालाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. माणसाने माणसाला ओढत चढावर न्यायचे, हे ९४ परवान्यांवर स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षे चालले. डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून आल्या, त्याही न्यायालयाच्याच दारातून. हा प्रश्न सभागृहात का सुटला नाही, असे बाहेरचे लोक विचारतात. त्यांनी आपली मतदारयादी पाहिलेली नसते. इथे घोडेवाला, रिक्षावाला, हॉटेलवाला आणि हमाल एकमेकांचे व्याही निघतात. एकाची बाजू घ्यावी, तर तिघांच्या लग्नात पहिली पंगत चुकते. म्हणून ‘पर्यावरण राखून विकास झालाच पाहिजे’ हे वाक्य पाठ करावे. त्यात घोडेवाल्याला पर्यावरण ऐकू येते आणि रिक्षावाल्याला विकास.

अंदाजपत्रकात उत्पन्नाची खात्रीची बाजू म्हणजे दस्तुरीवरचा प्रवासी कर. पर्यटकाने अजून एकही पॉइंट पाहिलेला नसतो, तेव्हाच तो घ्यावा. पाहून झाल्यावर तो सुविधांविषयी बोलू लागतो. पर्यटकच आला नाही, तर सगळेच खुंटते. मार्च २०२५ मध्ये दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल होते म्हणून गावाने बेमुदत बंद पुकारला. म्हणजे पर्यटकांची फसवणूक थांबावी म्हणून पर्यटकांसाठी गावच बंद! यावर सदस्याने दोन्ही बाजूंना पाठिंबा द्यावा.

खर्चाच्या बाजूला लेखापरीक्षकाचा एकच आक्षेप कायम असतो: सिमेंटच्या गोणीला एवढे वाहतूक भाडे कसे? त्याला खुलासा लिहून पाठवू नये. गोणी नेरळहून दस्तुरीला टेम्पोने येते आणि पुढे घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर, हे कागदावर कोणालाही पटत नाही. लेखापरीक्षकाला मे महिन्यात, दुपारी, स्वतःची बॅग घेऊन बोलवावे. आक्षेप बाजारपेठेपर्यंत पोचत नाही.

राहता राहिले मंत्रालय. निधीचा प्रस्ताव त्रुटी निघून परत येणारच, तो पूर्तता करून पुन्हा पाठवावा. एखाद्या नमुन्यात ‘कार्यस्थळ पाहणीसाठी वापरलेले वाहन’ असा रकाना निघाला, तर तिथे ‘निरंक’ लिहावे. प्रामाणिकपणे ‘घोडा’ लिहिलात, तर पीयूसी मागतील.