अंडर डेव्हिएशन

‘कादंबरी पाठवलीय. मत कळवा. अगदी प्रामाणिक हं!’ असा निरोप आला की माझ्या पोटात गोळा येतो. प्रामाणिक मत देणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. शिफ्टभर व्हर्नियर हातात धरायचा, बुश आणि ब्रॅकेट तपासायचे आणि ओके, रिवर्क किंवा रिजेक्ट म्हणून मोकळं व्हायचं. रिजेक्ट माल लाल बिनमध्ये जातो आणि त्या बिनला कुलूप असतं. आजवर एकाही ब्रॅकेटनं मला ‘तुमची अभिरुचीच तोकडी’ असं सुनावलेलं नाही.

वाचायला वेळ कुठून मिळतो, असं लोक विचारतात. पुणे-नाशिक रस्ता देतो. निगडीहून कंपनीची बस निघते. भोसरीपर्यंत प्रस्तावना होते, मोशीला अर्पणपत्रिकेतली माणसं कोण असतील याचा विचार करतो आणि चिंबळी-कुरुळीनंतर बस रुतते तेव्हा कादंबरी सरकायला लागते. तळेगाव चौकात एकदा मी एका नायिकेचं लग्न, बाळंतपण आणि वैधव्य इतकं उरकलं, बस तिथंच होती. प्रकाशकांनी मिळून या चौकाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा. वाहतूक सुरळीत झाली की वाचनसंस्कृती बसली म्हणून समजा.

तर यंदा हाती आलेल्या नव्या मालाबद्दल. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’मधला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला आला आणि हात हलवत गावी परतला, ती कादंबरी 1963 ची. तेव्हापासून पांडुरंग यायचे थांबलेलेच नाहीत. यंदा माझ्याकडे चार आले. चौघांचं गाव सुटलंय, चौघं पेठेतल्या खोलीत राहतात, चहा पितात आणि सगळं निरर्थक आहे असं खिडकीला सांगतात. मास्टर पीस एकच, बाकीचे त्याच डायमधून काढलेले. डाय झिजलीय, त्यामुळे कडेला बर राहिलेली.

तक्रार ती नाही. तक्रार ही की या चौघांतला एकही कामाला जात नाही. चहाचे पैसे कोण देतं?

आमच्याकडे गाव सुटलेली पोरं रोज उतरतात. बीड, लातूर, नांदेडकडची. पाठीवर सॅक, सॅकमध्ये आयटीआयचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण. फर्स्ट शिफ्टवाला उठला की थर्डवाला त्याच गादीवर पडतो. गादी गार अशी कधी होतच नाही. भिंतीला सहा खिळे, प्रत्येक खिळ्याला एक युनिफॉर्म, आणि कोणाचा खिळा कोणता यावरून एकदा हाणामारी झालेली मी पाहिली आहे. खोलीत खिडकी एकच, तिच्याबाहेर कंपनीची भिंत, त्यामुळे निरर्थकतेवर बोलायला तिचा उपयोग नाही. सात महिन्यांनी नोकरीला ब्रेक मिळतो आणि खिळा दुसऱ्याचा होतो. हे माझ्या चार कादंबऱ्यांत कुठंच नव्हतं. एकीत ‘दूरवर कारखान्याचा भोंगा वाजला’ एवढं होतं. आमच्याकडे अंगठा लावायचं मशीन पीप करतं, बुवा.

लाल बिन भरत आला की एखादा पार्ट मात्र असा सापडतो की गेज लावताना हात थांबतो. कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, 2023 ची साहित्य अकादमीविजेती, मी जरा उशिरानंच वाचली. धरणानं उठवलेलं गाव, मागं राहिलेली म्हैस आणि तिला आणायला परत निघालेला माणूस. पुस्तक आटोपशीर, वजन भरपूर. आमच्या लाइनवर खेड तालुक्यातला एक जण आहे, त्यांची जमीन एमआयडीसीत गेली. त्याला बसमध्ये गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘आमच्या गोठ्यावर पेंट शॉप आहे.’ मी ओके मारलं. टीप लिहिली नाही.

मग बाकीच्यांना चांगलं कोण म्हणतं? सगळेच. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात प्रकाशन झालं की व्यासपीठावरचे पाचही जण ‘मराठी कादंबरीला नवं वळण’ देतात. एवढी वळणं घेऊन आपली कादंबरी आतापर्यंत ताम्हिणी घाट झाली असती. आमच्याकडे याला शब्द आहे. माल मापात नाही पण ट्रक गेटवर उभा आहे, अशा वेळी कस्टमरची सही घेऊन तो ‘अंडर डेव्हिएशन’ पाठवतात. लेखक आपल्या ओळखीचे आहेत, यंदा रिटायर झालेत, छपाईला पीएफ मोडलाय: सही करा. फरक एवढाच की आमचा चुकीचा ओके डेबिट नोट घेऊन परत येतो, साहित्यातला मलपृष्ठावर जातो. ‘उद्या’ या कादंबरीला मिळालेला 2020 चा साहित्य अकादमी पुरस्कार नंदा खरे यांनी नाकारला. पुरस्कार नाकारणारा निदान सापडला. मलपृष्ठावरची स्तुती नाकारणारा मी शोधतोय.

खरं तर आमच्या भागातली तपासणी पूर्वी फार कडक. तुकोबांच्या वह्या थेट इंद्रायणीत बुडवायला लावल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, असं परंपरा सांगते. आज तीच टेस्ट घ्यावी, तर आळंदीला नदीवर एवढा फेस असतो की कादंबरी तरली की नुसती फेसावर बसली, याचा निकाल लागायचा नाही.

असो. एका लेखकरावांनी फारच गळ घातली म्हणून मी रीतसर इन्स्पेक्शन रिपोर्ट पाठवला. त्यात होतं: ‘मामा कोण आणि काका कोण याचा मेळ बसत नसल्याने पान 90 ते 140 परत परत वाचावे लागले. रिवर्क.’ त्यांचा फोन आला नाही. मी सुटलो म्हणालो.

परवा त्यांची दुसरी आवृत्ती घरपोच आली. मलपृष्ठावर ठळक अक्षरांत: ‘परत परत वाचावे लागले.’ खाली माझं नाव, हुद्दा आणि ‘चाकण’.

पुस्तक बॅगेत होतं. जेवणाच्या सुट्टीत क्वालिटीच्या साहेबांनी ते उचललं, मलपृष्ठ वाचलं, मध्येच कुठंतरी उघडून उभ्याउभ्या दोन पानं चाळली, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, ‘हा माल तू पास केलास?’