दप्तरी दाखल

दुखणे अंगावर काढण्यात पुरुषार्थ मानणारे आणि डॉक्टरकडे जाण्याचा मुहूर्त आषाढीवरून कार्तिकीवर सहज ढकलणारे गृहस्थ वाचकांच्या चांगल्या परिचयाचे असतील; त्यांची लक्षणे मी सांगत बसत नाही. आमच्या साताऱ्यातल्या आळीत हा मान नानासाहेबांचा आहे. जिल्हा कचेरीत सारी हयात घालवून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले हे गृहस्थ स्वतःच्या देहाकडे एक दुय्यम कचेरी म्हणून पाहतात. आणि त्या कचेरीतल्या उजव्या हाताने, आपणांस मुंग्या येतात असा जो तक्रारअर्ज गेल्या दिवाळीत गुदरला, त्याची नोंद, छाननी आणि टिपणी यथासांग होत असली, तरी तो वरिष्ठांकडे म्हणजे डॉक्टरकडे रवाना करण्याची तजवीज मात्र आजवर झालेली नाही.

पहाटे तीनच्या सुमारास नानासाहेबांना जाग येते. हात बधिर, जड, जणू शेजाऱ्याचा. ते तो पलंगाबाहेर काढून जोरजोराने झटकतात, त्यांच्या पत्नी माई जाग्या होतात, दिवा लागतो, आणि उशाची वही उघडून नानासाहेब डाव्या हाताने उजव्याला आधार देत मजकूर नोंदवतात: ‘पहाटे ३.१०. अंगठा, तर्जनी, मध्यमा: बधिर. अनामिका: निम्मी. करंगळी: तक्रार नाही. हात झटकल्यावर आराम. सबब दप्तरी दाखल.’ कारणाचा रकाना स्वतंत्र आहे आणि तो कधी रिकामा राहत नाही. त्यात उशीखाली हात दुमडल्यापासून वांग्याच्या भरितापर्यंत आणि वातप्रकोपापासून अधिक मासापर्यंत सर्वांवर आळीपाळीने ठपका ठेवलेला आढळतो. शेरा तेवढा अढळ असतो.

करंगळी शाबूत आहे हा त्यांचा मोठा आधार. ‘‘अहो, पाचांपैकी एक साक्षीदार फुटलेला नाही, मग फिर्याद टिकायची कशी?’’ असा त्यांचा युक्तिवाद. आमच्या आळीतले डॉक्टर एकदा कट्ट्यावर टेकले असता त्यांनी हा साक्षीदारच उलटवला. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटे मिटणारे नऊ स्नायुबंध आणि एक मज्जातंतू दाटीवाटीने जातात; तो तंतू दबला की अंगठ्यापासून निम्म्या अनामिकेपर्यंत मुंग्या येतात, रात्री अधिक येतात, आणि करंगळीचा तंतू या बोगद्यातून जातच नसल्यामुळे ती नामानिराळी राहते; सबब करंगळीची साक्ष आपल्या बाजूची नसून विरुद्ध बाजूची आहे, असे त्यांनी सांगितले. मधुमेह, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मानेतले मणके हीही कारणे असू शकतात, तेव्हा रक्त तपासून घ्यावे, रात्री मनगटाला पट्टी बांधून पाहावी, असेही ते म्हणाले. नानासाहेबांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तर दिले, ‘‘आपले म्हणणे नमूद करून घेतले आहे.’’ आम्ही ओळखले, दप्तरी दाखल!

दरम्यान सदऱ्याच्या गुंड्या लागेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी सदरे वर्ज्य करून डोक्यावरून चढणाऱ्या बंड्या शिवून घेतल्या. चहाची कपबशी हातातून दोनदा निसटली, तेव्हा माईंनी स्टीलचा पेला काढून दिला. अंगठ्याखालची तळहाताची गादी डाव्या हाताच्या मानाने सपाट दिसू लागली आहे, हे त्यांच्या वहीतही आहे. पण पकड सुटणे आणि मांस झडणे हे थांबून राहण्याचे दिवस संपल्याचे चिन्ह आहे, एकदा झडलेले मांस पुढे शस्त्रक्रियेनेही पूर्ववत भरेलच असे नाही, हा मजकूर मात्र त्या वहीत कोठे सापडत नाही.

इतरांच्या बाबतीत या गृहस्थाची दिरंगाई कोठे जाते, हे मला न उलगडलेले कोडे आहे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या दंडावर फिकट चट्टा होता आणि तेथे चिमटा काढला तरी कळत नव्हते. नानासाहेबांनी त्याला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात उभे केले. निदान कुष्ठाचे झाले. औषध तेथे फुकट मिळते, त्याने पुरते घेतले, आणि आजही त्याच कोपऱ्यावर तो नानासाहेबांना कोथिंबिरीची जुडी पैसे न घेता देतो; ती ते तक्रार करीत घेतात.

आणि आमच्या कट्ट्यावरच्या मास्तरांची ती संध्याकाळ. कट्ट्यावर बदाम सात रंगात आलेला, आणि मास्तरांच्या उजव्या हातातली पाने एकाएकी गळून पडली. तोंड डावीकडे ओढले गेले, बोलू गेले ते शब्द कोणालाच लागेनात. मंडळी म्हणाली, ऊन लागले असेल, जरा आडवे होऊ द्या, लिंबूपाणी द्या, बघू थोडा वेळ. ही सनातन भाषा एरवी नानासाहेबांचीच. पण त्या संध्याकाळी ते ओरडले, ‘‘काही बघायचे नाही! पाणी तोंडाला लावू नका, ठसका लागेल. १०८ फिरवा!’’ आणि गुण मांडायच्या कागदाच्या पाठीवर त्यांनी लिहिले: ‘सायं. ६.१० पर्यंत सर्व ठीक. ६.१२ उजवा हात, वाचा, तोंड.’ इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की मनुष्य शेवटचा धडधाकट केव्हा होता. कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि वेळच ठाऊक नसेल तर डॉक्टरांचेही हात बांधले जातात. नातलग एकमेकांकडे पाहत राहिले. नानासाहेबांनी कागद पुढे केला. जन्मभर ज्या कारकुनी सोसाची आम्ही थट्टा केली, त्याने त्या दिवशी मास्तरांची वाचा परत आणली, हे मला निमूटपणे कबूल केले पाहिजे.

परतताना रिक्षात ते हात झटकत होते. मी म्हणालो, ‘‘नानासाहेब, आता तुमचा अर्जही वर पाठवा.’’ बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘सारी नोकरी कागद वर पाठवण्यात गेली. वर गेलेला कागद हुकूम घेऊन खाली येतो, आणि हुकूम अर्जदाराच्या बाजूने आलेला मी क्वचितच पाहिला. आमचे थोरले बंधू नुसता खोकला दाखवायला गेले होते.’’ पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही.

काल माईंनी परस्पर मज्जातंतूंच्या तपासणीची वेळ ठरवली आहे, येत्या सोमवारी सकाळी दहाची. नानासाहेबांनी मुदतवाढ मागितलेली नाही.