श्रीमान लोखंडी कपाट यांस



पत्र जबलपूरहून लिहितोय. पाकिटावर पत्ता म्हणून 'सरकारी खातं' एवढंच घातलंय. तेवढ्यावर ते तुम्हाला पोचतंच.

सध्या इथे सगळीकडे नव्या तंत्रज्ञानाची हवा आहे. ईआरपी, ई-ऑफिस, डॅशबोर्ड. सल्लागार येतात, पडद्यावर बाण आणि चौकोन दाखवतात, समोसा खाऊन जातात. या गडबडीत तुमचं नाव कोणी काढत नाही, याचं वाईट वाटतं. मोठ्या संस्थेत तंत्रज्ञान विकत घेतल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलंय?

बोफोर्सचंच घ्या. मार्च 1986 मध्ये 410 तोफांचा सौदा झाला. लोकांच्या लक्षात राहिली ती दलाली, स्वीडिश रेडिओची बातमी आणि 1989 ची निवडणूक. तोफेबरोबर तोफ बनवण्याची विद्याही आपण घेतली होती, हे मात्र विसरून गेलो. दशकाच्या अखेरीस तिचे नकाशे, मापं, कृती असे 12,000 हून जास्त पानांचे कागद आयुध निर्माणी मंडळाकडे आले. लग्नात आलेला डिनर सेट 'कधीतरी लागेल' म्हणून माळ्यावर जावा, तसे ते तुमच्याकडे आले.

तुम्हाला दोष देत नाही. ज्या फायलीवर बोफोर्स हे नाव आहे, तिच्यावर सही करणार कोण? सही केली तर चौकशी. नाही केली तर वेळेवर बढती आणि सन्मानाने पेन्शन. लेथ होते, कारागीर होते, पोलाद होतं, नकाशेही होते. कमी पडली ती शाई.

1999 मध्ये कारगिलच्या डोंगरांत त्याच तोफांनी कामगिरी केली, देश टाळ्या वाजवत होता, आणि तुम्ही शांत. पुढेही परदेशी तोफांच्या निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत की, अहो, माझ्या तिसऱ्या फळीवर बघा. गोपनीयता म्हणतात ती हीच.

दार उघडलं ते 2011 च्या सुमारास. तोफ बनवण्याचं काम आलं आमच्या गन कॅरेज फॅक्टरीकडे. हा कारखाना 1904 चा, म्हणजे बहुधा तुमच्याहून वडीलच. कागद जुन्या तोफेचे होते, 39 कॅलिबरचे. सैन्याला हवी होती 45 ची. सोप्या हिशेबात सांगायचं तर 155 मिलिमीटर व्यासाची नळी व्यासाच्या 39 पटीवरून 45 पटीवर, म्हणजे सुमारे सहा मीटरवरून सातावर न्यायची. नळी लांबली की वजन हलतं, धक्का बदलतो, तो पेलणारा सांगाडाही बदलावा लागतो. यातलं बरंचसं त्या 12,000 पानांत नव्हतंच. ते वर्कशॉपमध्ये आणि चाचणीच्या मैदानावर, करून, फसून, पुन्हा करून आलं. या नव्या तोफेचं नाव 'धनुष'. पहिल्या सहा तोफा 8 एप्रिल 2019 रोजी इथेच सैन्याच्या हवाली झाल्या. सौद्यापासून 33 वर्षं.

मधल्या काळात ज्यांचा हात नळीवर बसू शकला असता, अशी कामगारांची एक आख्खी पिढी भोंग्यावर आली, भोंग्यावर गेली आणि निवृत्त झाली. त्यांच्यासाठी तुमच्यात फळी नव्हती.

आता सगळं आधुनिक झालंय म्हणे. 1 ऑक्टोबर 2021 पासून मंडळ गेलं, 41 कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. आमची गन कॅरेज कानपूरच्या कंपनीत, खमरियाची निर्माणी पुण्याच्या, व्हेइकल फॅक्टरी आवडी इथल्या. एकाच गावातले तीन शेजारी, तीन मुख्यालयं. आता शेजाऱ्याकडून पाना मागायचा तर कोणत्या प्रणालीत अर्ज भरायचा, यावर एखादी स्लाइड नक्की असेल.

तेव्हा एक विनंती. उद्या नव्या प्रणालीचे परवाने, पासवर्डची पाकिटं आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिका येतील. त्या तुमच्याकडेच येणार, याबद्दल शंका नाही. आल्या की कृपया कळवा, आणि तुमची किल्ली हल्ली कोणाच्या ताब्यात असते, तेही.

कळावे,
एक जबलपूरकर